नर एक, जात निकृष्ट

आधी माफी मागून घेतो. लिहिणं हे माझं काम नाही. आमच्या घरात वडील सही करतात, आई अंगठा देते, आणि त्यापलीकडे कागदाशी आमचा संबंध माझ्यापासूनच सुरू झाला. त्यातून विषय कोंबड्यांचा. माझ्याबरोबरची मुलं देशापुढचे प्रश्न वगैरे लिहितात, तिथं मी खुराड्याविषयी काय सांगणार? दोनदा लिहिलं आणि फाडलं. तिसऱ्यांदा बसलोय, कारण राग गेला नाही, एवढंच.

राग आला तो आमच्या कॉलेजच्या वाचनालयात. परीक्षेचं पुस्तक शोधताना एक गुळगुळीत कागदाची पुस्तिका हाती आली. सुधारित कोंबडीपालनाच्या योजनेची होती. पांढऱ्याशुभ्र कोंबड्यांचे फोटो, साहेबांचे फोटो. आत आमच्या भागाविषयी दोन ओळी होत्या. आमच्याकडचे निकृष्ट जातीचे सगळे गावठी नर हटवण्यात आले, त्यांच्या जागी सुधारित नर देण्यात आले आणि लाभार्थींनी त्याचं उत्साहानं स्वागत केलं, अशा अर्थाच्या. मी त्या ओळी उभ्याउभ्या तीनदा वाचल्या. लाभार्थी म्हणजे माझी आई. हटवलेल्या नरांतला एक आमचा. आणि ‘निकृष्ट’ हा शब्द प्रथम कुणी लिहिला हेही मला माहीत होतं. मीच लिहिला होता. निळ्या शाईनं, वळणदार अक्षरात.

आम्ही सोलापूरजवळच्या होटगीचे. वडील रेल्वेत गँगमन. जंक्शनच्या कडेला दगडी क्वार्टरांची एक ओळ आहे, तीत शेवटची खोली आमची. शेवटची असल्यामुळे पलीकडचा बांध आणि लिंबाचं झाड हेही आईनं आपलंच धरलं होतं. तिथं तिच्या कोंबड्या. पाच मोठ्या गावरान कोंबड्या, तीन बुटक्या आणि एक बुटका कोंबडा.

या बुटक्या मुळात आमच्या नव्हेत. मी प्राथमिक शाळेत असताना क्वार्टरांत एक इंजिन ड्रायव्हर राहत होते. त्यांची बदली झाली तेव्हा त्यांच्या बायकोनं जाताना एक जोडी आईच्या हातात दिली आणि सांगितलं, या कापू नकोस. आईनं तो शब्द पाळला. पुस्तकात या जातीला बँटम म्हणतात, हे मला कॉलेजात कळलं. आमच्या शेजारच्या कानडी आजी त्यांना गिड्ड म्हणायच्या, म्हणजे बुटकं. त्यावरून ओळीत सगळेच कोंबड्यांना गिड्ड्या आणि कोंबड्याला गिड्डा म्हणू लागले.

गिड्डा पारव्यापेक्षा थोडा मोठा होता. तांबडा, शेपटी काळी-हिरवी, पायांवर पिसं. मोठ्या गावरान कोंबड्या त्याच्याहून हातभर उंच वाटायच्या, पण दोन कोंबड्यांत भांडण लागलं की हा पंख पाडून मध्ये घुसायचा आणि दोघी बाजूला व्हायच्या. गँगचे लोक त्याला बघून हसायचे. वडिलांना म्हणायचे, “तुमचा मुकादम बघा की, शिट्टी न्हाय, झेंडा न्हाय, पर गँग सरळ हाय.”

सोलापूर म्हटलं की बाहेरच्या लोकांना फक्त ऊन आठवतं. आमच्या वसतिगृहात पुण्याकडची दोन मुलं होती, ती डिसेंबरातही पातळ शर्ट घालून म्हणायची, तुमच्याकडं थंडी असते का रे? असते. होटगीला येऊन यार्डाच्या कडेला एक पहाट काढा म्हणावं. वाऱ्याला आडोसा काही नाही. काळं रान, त्यावरून येणारा वारा, आणि दिवसा तापून फुटेल असा वाटणारा दगड पहाटे हात लावू देत नाही. या थंडीत मोठी कोंबडी तगते. बुटकी तगत नाही, कारण अंगातच काही नसतं. तिला तगवावं लागतं, आणि तगवण्याची आईची रीत होती.

इंजिनाची आग साफ करतात तिथं राखेचा खड्डा असतो. संध्याकाळी क्वार्टरांतल्या बायका तिथं न जळालेला कोळसा वेचायला जायच्या. आई कोळशाबरोबर एका फुटक्या मडक्यात गरम राख आणायची. ते मडकं खुराड्याच्या आत नाही ठेवायचं, आत धूर कोंडून कोंबड्या मरतात. मागच्या बाजूला, भिंतीच्या दगडाला चिकटवून ठेवायचं आणि वर गोणपाट. दगड हळूहळू ऊब धरतो आणि पहाटेपर्यंत सोडत नाही.

दुसरी गोष्ट क्रमाची. संध्याकाळी खुराड्याचं दार उघडलं की मोठ्या कोंबड्या धावत येतात. आई त्यांना काठीनं अडवायची. आधी गिड्ड्या आत, त्या ऊबदार दगडाला लागून. मग मोठ्या. म्हणजे दगड एका बाजूनं आणि मोठ्या कोंबड्या दुसऱ्या बाजूनं, मधे बुटक्या. मोठ्यांना आधी सोडलं तर त्या दगड धरतात आणि बुटक्यांना टोचून दारापाशी ढकलतात. शेवटी गिड्डा जायचा. त्याला कुणी शिकवलं नव्हतं. सगळ्या आत गेल्याशिवाय तो जातच नसे. आई त्याला म्हणायची, “चला गार्डसायेब, गाडी सुटली.”

दाणे घालायचीही रीत होती. एक बांबूचं डालगं उपडं करून तीन दगडांवर टेकवायचं. खालून एवढीच फट राहायची की गिड्डी आत जाईल आणि मोठी बाहेरून मान घालून तडफडेल. डालग्याखाली बुटक्यांची ज्वारी, बाहेर मोठ्यांची. मी लहानपणापासून हे बघत आलो, म्हणून मला यात काही विशेष वाटलं नाही. यात ज्ञान आहे असं तर मुळीच वाटलं नाही. ज्ञान पुस्तकात असतं, असं मला वाटायचं. माझी चूक इथूनच सुरू होते.

कॉलेजच्या पहिल्या वर्षी, दिवाळीनंतर मी एका रविवारी घरी आलो होतो. लिंबाखाली जीप उभी. योजनेचे एक साहेब आले होते, बरोबर एक शिपाई आणि वेताच्या मोठ्या करंड्या. क्वार्टरांतली आणि पलीकडच्या वस्तीतली माणसं गोळा झालेली. साहेबांचं म्हणणं असं, की गावठी कोंबडा आम्हाला द्या, त्याच्या बदल्यात तुम्हाला सुधारित पांढरा कोंबडा मिळेल. संकर होईल, अंडी मोठी होतील. मात्र ओळीतला एकही गावठी नर मागं राहता कामा नये, नाहीतर योजनेचा उपयोग नाही. अर्ज भरून द्यायचे होते आणि भरणारं कुणी नव्हतं.

साहेबांनी माझा इस्त्रीचा शर्ट पाहिला.

“काय करतोस?”

“कॉलेजात आहे. सायन्सला.”

“वा! मग हे सगळे अर्ज तूच भर. तुझ्यासारखी मुलं पुढं आली पाहिजेत.”

मला आतापर्यंत कुणी साहेबानं खुर्ची दिली नव्हती. त्यांनी दिली. दहा-बारा अर्ज मी भरले असतील. माणसं वाकून माझं अक्षर बघत होती. वडील लांब उभे होते, पण त्यांची मान किती ताठ होती ते मला दिसत होतं. सगळ्यांत शेवटी आमचा अर्ज. साहेब सांगत होते, मी लिहीत होतो. पक्ष्याचा प्रकार, कोंबडा. संख्या, नर एक. जात?

मी थांबलो. म्हणालो, “साहेब, हा गावठी नाही. ही बुटकी जात वेगळी असते.”

शिपायानं तोवर गिड्ड्याला पायाला धरून उलटा उचलला होता. साहेबांनी त्याच्याकडं एकदा पाहिलं आणि हसले. “वाढ खुंटलेला आहे. लिही, निकृष्ट.”

मी लिहिलं. आता इतका विचार करून मला वाटतं, तेव्हा अर्धा मिनिट थांबायला हवं होतं. खुर्चीवरून उठायला हवं होतं. पण साहेब सांगताहेत, समोर छापील कागद आहे, त्यावर रकाना आहे आणि रकाना भरायचा असतो, एवढंच मला येत होतं. त्याच शिक्षणावर मी बारावीत पहिला आलो होतो.

आई अंगठा द्यायला आली. शाईत अंगठा बुडवण्याआधी तिनं विचारलं, “काय लिवलंस रं?”

“काही नाही. जात लिहिली.”

“कोंची?”

“आहे ती.”

तिनं अंगठा दिला. माझ्यावर भरवसा ठेवून दिला. गिड्डा करंडीत गेला, जीप गेली. पांढरा कोंबडा आठ दिवसांनी मिळणार होता.

त्या संध्याकाळी खुराड्यापाशी गिड्ड्या आत गेल्या, मोठ्या आत गेल्या आणि आई दार धरून उगाच उभी राहिली. मग तिनं दार लावलं.

मी सोलापूरला परत आलो. इथं माझ्या डब्याची व्यवस्था सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. वसतिगृहात जेवण नव्हतं. होटगीचे एक दूधवाले मामा रोज सकाळच्या पॅसेंजरनं दुधाच्या किटल्या घेऊन सोलापूरला येत. स्टेशनवरून सायकलनं नव्या पेठेतल्या हॉटेलांना दूध घालत आणि मागच्या गल्लीत आमचं वसतिगृह, तिथं माझा डबा देत. आईचा निरोप डब्याबरोबर यायचा आणि माझा रिकाम्या डब्याबरोबर जायचा. मामांच्या तोंडून निरोप म्हणजे त्याला चार पदर जास्तीचे. मी सायन्सला असल्यामुळे ते मला डागदर म्हणायचे, आणि रागावले की नुसतं सायन्स म्हणायचे.

दोन-तीन दिवसांनी मी वाचनालयात कोंबड्यांवरचं एक जाड पुस्तक काढलं. अपराधी वाटत होतं म्हणून असेल. त्यात वाचलं की नर गेल्यावरही दहा-बारा दिवस कोंबडीची अंडी सफल, म्हणजे पिल्लं निघणारी, असू शकतात. मी ताडकन उठलो. म्हणजे या आठवड्यात आमच्या गिड्ड्या जी अंडी घालतील ती गिड्ड्याचीच! पांढरा आला की मग तसं राहणार नाही. दुसऱ्या दिवशी मी मामांची वाट बघत फाटकात उभा राहिलो.

“मामा, आईला सांगा, या आठवड्यातली बुटक्यांची अंडी खाऊ नको म्हणावं, कुणाला देऊ नको. खुडूक कोंबडी बघून तिच्याखाली बसव.”

“हे कुटं शिकलास?”

“पुस्तकात आहे.”

दुसऱ्या दिवशी मामा सायकलवरून उतरले तेच हसत. “डागदर, आईनं सांगितलंय, कोंबडी पुस्तक वाचून अंडी घालत न्हाय. कोंबडा जीपमदी गेला त्याच दिवसापासनं अंडी ज्वारीच्या गाडग्यात हायती. एक गिड्डी खुडूक झाली की बसवती म्हणली. आन् म्हणली, पेपर बरे लिव.”

मला आनंद झाला आणि लाजही वाटली. आई सगळं धरून बसली होती आणि मला ती एका शब्दानं बोलली नव्हती.

पांढरा कोंबडा आला. रविवारी मी घरी जाऊन पाहिला. दिसायला खरंच देखणा. केवढा तो तुरा, लालभडक, एका बाजूला पडलेला. पण तो विजेच्या दिव्याखाली, पत्र्याच्या शेडमध्ये वाढलेला. त्याला खुराडं माहीत नाही, वारा माहीत नाही, चढायचं माहीत नाही. खुराड्यात जायचं म्हणजे काय हेच त्याला कळेना. संध्याकाळी तो दारातच उभा राहायचा आणि जो येईल त्याला मारायचा. मोठ्या कोंबड्या त्याला धक्का देऊन आत जायच्या. बुटक्या जायच्या नाहीत. आधी गिड्ड्या, मग मोठ्या, हा सगळा क्रम मोडला. क्रम ठेवणाराच गेला होता.

त्याचं वजन गिड्डीच्या चौपट. दिवसा तो त्यांच्या अंगावर जायचा. एकीची पाठ त्यानं नखांनी सोलून काढली. आई तिला तेल-हळद लावत होती. हे सगळं मी बघत उभा होतो. पुस्तिकेत लिहिलंय तो उत्साह, हाच.

दुसरी गिड्डी घरात होती. ती खुडूक झाल्यावर आईनं चुलीमागं टोपल्यात भुस्सा घालून तिला सात अंड्यांवर बसवलं होतं. ती तिथं डोळे मोठे करून बसलेली, जवळ गेलं की फुगायची. सातही अंड्यांवर आईनं कोळशानं एकेक रेघ ओढली होती. म्हणजे तिसरी-चौथी कोंबडी येऊन त्यात अंडं घालून गेली तरी कळावं.

पुढच्या रविवारी मी गेलो तेव्हा आदल्या पहाटे फार थंडी पडली होती. तिसरी गिड्डी पांढऱ्याच्या भीतीनं खुराड्यात गेलीच नव्हती, लिंबावर बसली होती. सकाळी ती झाडाखाली सापडली. आईनं ती सुपाखाली झाकून ठेवली होती, मला दाखवायला. मी सूप उचलून पाहिलं. हातावर घेतली तर तिला वजनच नव्हतं. पायावरची पिसं तेवढी नीट होती.

मी तसाच बाहेर आलो. पांढरा कोंबडा भिंतीच्या आडोशाला अंग चोरून उभा होता. मला काय झालं कुणास ठाऊक, मी त्याच्या मानेला हात घातला.

“सोड त्याला!” आई आतून ओरडली. “म्या म्हणते सोड!”

“यानं मारली तिला.”

“त्यानं काय केलं? त्याला थंडी वाजत न्हाय व्हय? तुरा बघ कसा काळा पडलाय. त्यो काय अर्ज करून आला हुता हितं?”

मी हात काढला. तिनं वडिलांच्या जुन्या कोटाची एक बाही कापून आणली होती, ती त्या कोंबड्याच्या अंगावर चढवायला बसली. तो फडफडत होता, ती त्याला चुचकारत होती. मला बघवेना.

“आई, मला काय माहीत होतं?”

“तुला माहीत न्हवतं? ल्हानपणापासनं तू दार धरलंयस खुराड्याचं.” ती बाहीच्या कडेला सुई घालत होती, वर बघत नव्हती. “गँगवरची माणसं सांगत हुती परवा. कागदावर आपला कोंबडा निकृष्ट म्हणून लिवलाय. निकृष्ट म्हंजी काय रं?”

मी खुराड्याचं दार लावायला वळलो.

“सांग की. शिकलायस.”

“वाईट. कमी प्रतीचा.”

“त्यो?” एवढंच म्हणाली. मग दोरा दातांनी तोडून म्हणाली, “तू लिवलंस न्हवं? मग तूच पूस.”

त्या दिवशी मी जेवलो नाही. संध्याकाळच्या गाडीनं परत आलो आणि सोमवारी कॉलेज बुडवून योजनेच्या ऑफिसात गेलो. कारकुनापुढं उभा राहिलो. मनात वाक्य तयार केलं होतं, की माझ्या हातून चुकीची नोंद झाली आहे, ती दुरुस्त करावी, आणि शक्य असल्यास पक्षी परत मिळावा. बोलताना ते सगळं अडखळलं.

कारकुनानं चष्मा कपाळावर घेतला. “कोंबड्याची नोंद दुरुस्त करायची?”

“हो. जात चुकीची लिहिली आहे.”

“कुणी?”

“मीच.”

त्यानं शेजारच्या कारकुनाला हाक मारली. “अहो, इकडं या. हा मुलगा कोंबड्याचा जातीचा दाखला मागतोय.” दोघंही पोट धरून हसले. मग पहिला म्हणाला, “एकदा लिहिलेलं खोडता येत नाही बाबा. अर्ज पुढं गेले. आणि पक्ष्यांची विल्हेवाट झाली.”

“म्हणजे काय झाली?”

“विल्हेवाट म्हणजे विल्हेवाट. कॉलेजात शिकवत नाहीत?”

बाहेर शिपाई भेटला, तोच, त्या दिवशीचा. त्यानं मला ओळखलं. विडी विझवून जवळ आला आणि हळूच म्हणाला, “कशाला तरास करून घेतुस? त्याच दिवशी रेस्टहाऊसला रस्सा झाला. पाव्हणे आल्ते सायबांचे. तुमचा तो बुटका एवढुसा, त्यात काय हुतं खायाला? पर टाकला सगळ्यांसंगट.”

मी फाटकाकडं वळलो. त्याचा काय दोष, असं आई म्हणाली असती. पण मला हे अजून समजत नाही. जो कागदावर निकृष्ट होता तो पानात कसा चालला? आणि ज्यांनी तो खाल्ला त्यांनीच नंतर पुस्तिका छापली, गुळगुळीत कागदावर. मी लहान तोंडी मोठा घास घेत असेन तर क्षमा करावी. पण सातआठ वर्षं आमच्या दारात ज्यानं आठ कोंबड्यांचा संसार चालवला त्याची जात ठरवायला साहेबांना एक नजर पुरली, आणि मला एक शब्द.

त्यानंतर मी घरी गेलो नाही. अभ्यासाचं कारण सांगितलं. खरं कारण असं, की पुसून आलो हे मला सांगता येणार नव्हतं.

बातम्या डब्याबरोबर येत राहिल्या. सातांतून चार पिल्लं निघाली, असं मामांनी सांगितलं. “हरभऱ्याएवढाली हायती. आईनं चुलीम्होरं ठिवल्यात. तुझा बाप रातच्याला पाय पसरू शकत न्हाय.” पुढच्या आठवड्यात दोन गेली, थंडीनं. दोन उरली. संक्रांतीच्या आत पांढरा कोंबडाही गेला. कोटाची बाही अंगात असतानाच गेला. खोकत होता म्हणे. आईनं त्याला लिंबाखाली पुरला. त्याची नोंद करायला कुठला साहेब आला नाही, आणि पुस्तिकेत त्याच्यासाठी अर्धी ओळही नाही.

आता आमच्या दारात कोंबडा नव्हता. पंचक्रोशीत त्या जातीचा दुसरा कुणाकडं नव्हता. दोन गिड्ड्या आणि ही दोन पिल्लं. त्यांत एखादा नर निघाला तर वंश राहणार, दोन्ही माद्या निघाल्या तर संपलं. मी रोज मामांना तेच विचारायचो.

“तुरा आला का?”

“बारीक हाय. दोघांचाबी.”

“आई काय म्हणते?”

“काय म्हणत न्हाय. बांग दिल्याबिगर कोंबडा म्हणायचं न्हाय म्हणती. दिष्ट लागती.” मग किटली सायकलला अडकवत म्हणायचे, “सायन्स, तुझ्या त्या जाड्या पुस्तकात बघ की, तितं तुरा आला असंल.”

वसतिगृहातली मुलं नळावर मला चिडवू लागली. मी डबा घ्यायला निघालो की कुणीतरी आरवायचं. पुण्याकडचा एक तर फार छान आरवायचा. मी ऐकून घेत होतो. हसणाऱ्यांवर रागावण्याइतका राग माझ्याकडं शिल्लक नव्हता, तो सगळा एकाच शब्दावर खर्च होत होता.

पुस्तकात मी बघितलं होतं. नर की मादी ते सहाव्या-सातव्या आठवड्यात कळतं, असं लिहिलं होतं. आईला ते पहिल्यापासून कळलं असणार, याची मला खात्री आहे. पण ती सांगत नव्हती. थंडी सरली. लिंबाला नवी पालवी आली असेल, असं मी इथं बसून धरत होतो. परीक्षेचं वेळापत्रक लागलं. डब्यात कधी नुसती भाकरी-चटणी, कधी धपाटे, आणि निरोप तोच, पेपर बरे लिव.

पहिल्या पेपरच्या दोन दिवस आधी मामांना उशीर झाला. गाडी कुठं तरी थांबली असेल म्हणून मी फाटकात पुस्तक घेऊन उभा होतो. ते आले ते सायकलवरून न उतरताच, एक पाय जमिनीला टेकून. डबा दिला नाही. मुलं नळावर होती, त्यांच्याकडं एकदा बघितलं आणि मोठ्यानं म्हणाले, “कोण रं तो आरवतो रोज? आज गप का?”

“मामा, डबा द्या की.”

“देतो. आधी निरोप. आईनं सांगितलंय, रविवारी पेपर न्हाय न्हवं, मग घरी यायचं. मुकाट्यानं यायचं. आन् येताना ते तुझं निळं पेन हितंच ठिवून यायचं.”

मी काही बोलायच्या आत त्यांनी डबा माझ्या हातात ठेवला. अजून गरम होता.

“आज पहाटं बांग दिली त्यानं,” ते म्हणाले. “खुराड्यावर चढून. रहाटाला तेल न्हाय असा आवाज, पर दिली. चार येळा.”